लढाईतून आपली माणसं घरी कशी आणतात
(इयत्ता चौथी)



दिवाळी झाली की आपल्या बीड जिल्ह्यातून ऊसतोडीच्या गाड्या निघतात. कोणता कोयता कोणत्या कारखान्यावर आहे, ते मुकादमाच्या वहीत लिहिलेलं असतं. परदेशात पण अशी वही असते. तिथं आपल्या देशाची कचेरी असते, तिला दूतावास म्हणतात. तिथले भारतीय लोक दूतावासात आपलं नाव नोंदवतात. लढाई पेटली की ही वही कामाला येते. नावच नसलं तर माणूस शोधायचा कुठं?

२ ऑगस्ट १९९० रोजी इराकचं सैन्य कुवेत देशात घुसलं. कुवेत लहान आहे, पण तिथं तेल खूप. तेव्हा तिथं सुमारे १,७०,००० भारतीय राहत होते. पुष्कळांची बायकापोरं पण तिथंच होती. विमानतळ बंद झाला. बँकेतले पैसे बँकेतच राहिले. आपले परराष्ट्रमंत्री इंद्रकुमार गुजराल बगदादला जाऊन सद्दाम हुसेन यांना भेटले.

मी गुरुजींना विचारलं, विमान सरळ कुवेतलाच का नाही नेलं? गुरुजी म्हणाले, लढाई असते तिथलं आभाळ पण बंद असतं. विमानाला गोळा लागला तर आतल्यांचा जीव जाऊ शकतो. म्हणून आधी जमिनीवरून शेजारच्या देशात जायचं आणि तिथून विमानात बसायचं. कुवेतमधले लोक बसमध्ये बसून बसरा, बगदाद असं करत जॉर्डन देशातल्या अम्मान शहरात आले. ही वाट हजार किलोमीटरहून जास्त आहे, आणि बरीचशी वाळवंटातली. बीडहून मुंबई सुमारे ४०० किलोमीटर आहे, तेवढ्यातच आम्हाला एसटीत उलटी होते.

अम्मानहून एअर इंडियाची विमानं त्यांना मुंबईला आणायची. ५९ दिवसांत ४८८ खेपा झाल्या आणि १,११,७११ माणसं आली. मी पाटीवर भागाकार केला. एका खेपेला सुमारे २२९ माणसं येतात, म्हणजे पाच एसट्या गच्च भरून. आणि रोज आठ खेपा!

२०१५ साली येमेन देशात लढाई झाली. तेव्हा आपल्या नौदलाची जहाजं पण गेली. त्यातल्या एका जहाजाचं नावच ‘मुंबई’ होतं. ते मुंबईतल्या माझगाव गोदीत बांधलेलं आहे. एडनच्या बंदरात गोळीबार चालला होता, म्हणून माणसं लहान होड्यांतून जहाजापर्यंत आणली. दुसऱ्या ४१ देशांच्या लोकांना पण आपण बाहेर काढलं.

२४ फेब्रुवारी २०२२ ला रशियानं युक्रेनवर हल्ला केला. तिथं आपले हजारो विद्यार्थी डॉक्टरकी शिकत होते. आभाळ बंद, म्हणून मुलं थंडीत चालत सीमेवर गेली. २६ फेब्रुवारीला पहिलं विमान रुमानियातून २१९ जणांना घेऊन मुंबईत उतरलं. सुमी शहरात सुमारे ७०० मुलं अडकली होती. पाणी संपलं तेव्हा त्यांनी बर्फ वितळवून पाणी केलं. ८ मार्चला त्यांच्यासाठी बस निघाल्या. एकूण ९० विमानांतून सुमारे २२,५०० लोक आले. आजीनं विचारलं, एवढ्या तिकिटांचे पैसे कुणी भरले? भारत सरकारनं भरले.

सगळे मात्र परत आले नाहीत. खारकीव्ह शहरात खायला सामान आणायला गेलेला कर्नाटकातला एक विद्यार्थी १ मार्चला मारला गेला. हे ऐकून आजी किती तरी वेळ बोललीच नाही. आई-बाबा तोडीला गेले की मी आजीजवळ राहतो. ती रोज संध्याकाळी फोनची वाट बघते.

शेजारी मी नकाशा काढून लावला आहे. कुवेत ते अम्मान लाल रेघ आहे, ती बसची. अम्मान ते मुंबई निळी रेघ आहे, ती विमानाची. पालकांनी बोट ठेवून बघावं, पण जपून, निळी शाई अजून ओली आहे.