रेकॉर्डरचं फर्मवेअर : घाई नको, टाळाटाळही नको

प्रश्न : आमच्या सोसायटीत आठ कॅमेरे आहेत. रेकॉर्डर अपडेट मागतोय. करावं का? बंद पडला तर?
— एक वाचक, चौबे कॉलनी, रायपूर

उत्तर : करा. २०१६मध्ये ‘मिराई’ या मालवेअरने असेच कॅमेरे आणि डीव्हीआर हजारोंनी ताब्यात घेतले होते, तेही बहुतांशी कारखान्यातून आलेल्या पासवर्डच्या जोरावर. २०२१मध्ये हिकव्हिजन कंपनीच्या अनेक मॉडेलांत तर पासवर्डशिवाय आत शिरता येईल अशी फट सापडली. उपाय होता नवं फर्मवेअर.

तुमची भीती मात्र रास्त आहे. फाइल लिहिली जात असताना वीज गेली, तर यंत्राचा दगड होऊ शकतो. रायपुरात उन्हाळ्यातल्या अंधडाच्या संध्याकाळी हे काम काढूच नका, यूपीएस लावा. खालच्या लेबलवरचा पूर्ण मॉडेल क्रमांक आणि हार्डवेअर आवृत्ती पाहून कंपनीच्याच साइटवरून फाइल घ्या. इन्स्टॉलरने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली अजिबात नको! आधी सेटिंग्ज आणि हवं ते चित्रण पेनड्राइव्हवर उतरवा. कॅमेरे नंतर, एकेक करून.

शेवटी घड्याळ तपासा, कालचं चित्रण उघडतं का तेही पाहा. राउटरवर रेकॉर्डरसाठी पोर्ट उघडं ठेवलेलं असेल, तर ते आजच बंद करा.