प्लाझ्माचा खटका

बदलापूरजवळच्या बारवी धरणाचे पाणी मोठमोठ्या नळांतून अंबरनाथच्या कारखान्यांकडे येते. अशा नळाची झडप कोणी एकाएकी बंद केली, तर काय होईल? वेगाने येणारे पाणी निमूटपणे थबकत नाही. त्याचा सारा जोर झडपेवर आदळतो. म्हणून जाणते कामगार मोठी झडप हळूहळूच फिरवतात.

विजेच्या प्रवाहाचीही हीच तऱ्हा आहे. तारेच्या वेटोळ्यातून वाहणारा प्रवाह एकदम तोडला, तर तोडलेल्या जागी विजेचा दाब अतोनात वाढतो. जुन्या पद्धतीच्या ट्यूबलाइटमध्ये स्टार्टर असा प्रवाह तोडतो आणि चोकमधून बसलेल्या दाबाच्या तडाख्याने नळी उजळते.

शास्त्रज्ञांनी हीच युक्ती लाखो अँपियरच्या प्रवाहासाठी योजिली. पण एवढा प्रवाह तोडायचा कशाने? धातूची टोके दूर सारावीत, तर मध्ये ठिणगीची कमान पेटते आणि प्रवाह चालूच राहतो. शिवाय काम उरकायचे असते काही नॅनोसेकंदांत. एका सेकंदाचे शंभर कोटी भाग केले, तर त्यांतील एक भाग म्हणजे नॅनोसेकंद. तेवढ्या अवधीत प्रकाशसुद्धा तुमच्या फूटपट्टीएवढेच अंतर कापतो!

येथे प्लाझ्मा उपयोगी पडतो. वायूच्या अणूंतून इलेक्ट्रॉन सुटे झाले, म्हणजे प्लाझ्मा होतो. पावसाळी आकाशात चमकणारी विजेची रेघ ही प्लाझ्माचीच असते. निर्वात पोकळीत दोन धातूंच्या मध्ये प्लाझ्माचा फवारा सोडतात. त्यातून प्रवाह वाहतो व भोवतालच्या चुंबकीय क्षेत्रात ऊर्जा साठते. पुढे प्रवाह पुरेसा वाढला, की प्लाझ्मात फट पडते, ती वाट तुटते आणि प्रवाह पुढील यंत्राकडे वळतो. अमेरिकेतील सँडिया प्रयोगशाळेच्या मेंडेल व गोल्डस्टाइन यांनी 1977 साली अशा खटक्याचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यातून क्ष-किरणांचे प्रखर झोत निर्माण करता येतात.

मात्र हा खटका मोठा लहरी आहे. प्लाझ्मा दाट सोडला, तर तो प्रवाह पुष्कळ वेळ वाहतो, पण वाट सोडायला कुरकुरतो. विरळ सोडला, तर ऊर्जा पुरती साठण्यापूर्वीच वाट मोडते. एकाच मापाने प्लाझ्मा सोडूनही दोन खेपा अगदी सारख्या उतरतीलच असे नाही. म्हणून प्रयोगकर्ते प्रत्येक खेपेला पाहतात: प्रवाह किती वेळ टिकला, किती झटकन तुटला आणि त्यातील किती भाग पुढे पोहोचला.

मुंबईतील भाभा अणुसंशोधन केंद्रात ‘काली’ नावाची यंत्रे उभारली गेली. ती इलेक्ट्रॉनांचा अतिशय अल्पकाळ टिकणारा, जोरकस झोत सोडतात. त्यांतील विजेची साठवण वेगळ्या रीतीची आहे. तेथे अनेक कपॅसिटर शेजारी शेजारी भारित करतात आणि मग एका साखळीत जोडून रिते करतात, म्हणजे सर्वांच्या दाबांची बेरीज होते. ही रीत अधिक भरवशाची. तरीही प्लाझ्माच्या खटक्याचा नाद शास्त्रज्ञ सोडत नाहीत. कारण तेवढ्याच जागेत चुंबकीय क्षेत्र कपॅसिटरांपेक्षा कित्येक पटींनी अधिक ऊर्जा साठवू शकते.