साकव बघायचा तो खालून

आमच्या वाडीची शाळा, रेशन, बाजार, सगळं पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, पलीकडे. त्यामुळे पऱ्यावरचा साकव, म्हणजे छोटा पूल, गेला की वाडी तुटली. एका मे महिन्यात त्याची दुरुस्ती झाली. कठड्यांना रंग लागला, वर ताजं काँक्रीट पडलं, ठेकेदार फोटो काढून गेला. आषाढात पऱ्याला मोठा लोंढा आला. साकव जागच्या जागी राहिला, पण तो ज्यावर टेकतो त्या अलीकडच्या धक्क्यामागचा मातीचा भराव वाहून गेला. डोंगरावरून उतरणाऱ्या पायरीवाटेची, म्हणजे पाखाडीची, शेवटची पायरी आणि साकव यांच्यामध्ये पुरुषभर खड्डा!

पाऊस चालू असतानाच आम्ही काही जण खाली उतरलो, तेव्हा कारण समजलं. पाखाडीकडेचं गटार पालापाचोळ्यानं तुंबलं होतं. डोंगरावरचं सगळं पाणी पायऱ्यांवरून धावत येऊन नेमकं धक्क्याच्या पाठीमागे पडत होतं. पऱ्या बाहेरून खरवडत होता आणि पाखाडी आतून. अशा ठिकाणी कठडा रंगवून काय होणार?

म्हणून आधी पाखाडी, मग साकव. पायऱ्यांना किंचित उतार गटाराच्या बाजूला हवा. ठरावीक अंतरावर तिरपे आडवे चर काढून पाणी थोडं थोडं बाहेर सोडावं. ते एकवटलं की तांबडी माती टिकत नाही. शेवटचा चर साकवाच्या बराच आधी काढावा आणि त्याचं पाणी धक्क्याच्या खालच्या अंगाला, दगड लावलेल्या जागी न्यावं. मृगाआधी गटार उपसायची पाळी घराघरांत वाटून द्यावी.

धक्क्याची परीक्षा पहारीनं होते. पऱ्या ओसरल्यावर पायथ्याशी पहार घालून बघावी. सहज आत गेली तर खाली पोकळी आहे असं समजावं. पोकळीवर वरून सिमेंट थापल्यानं फक्त ती दिसेनाशी होते. पाया शक्यतो कातळापर्यंत न्यावा. जांभा उघड्यावर टणक होतो खरा, पण सतत घासणाऱ्या पाण्यात काळा दगडच बरा. भिंतीत पाणी झिरपायला नळ्या ठेवाव्यात, नाहीतर मागचं पाणी अडून भिंत फुगते. आणि घरच्या गडग्यासाठी साकवाखालचे दगड कुणाला उचलू देऊ नयेत. तळ खाली गेला की पाया उघडा पडतो.

उंची ठरवताना झुडपांत अडकलेला कचरा बघावा. पुराची रेघ तोच सांगतो. साकवाचा तळ त्या रेघेच्या चांगला वर हवा. जमेल तर मधे खांब नको. त्याला ओंडके अडकतात आणि पाणी तुंबून कडेचा भराव फोडतं. लोखंड काँक्रीटमध्ये शिरतं तिथला गंज खरवडून बघावा, रंगाखाली तोच लपलेला असतो.

शेवटची गोष्ट गर्दीची. १५ जून २०२५ रोजी मावळात कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पादचारी पूल पर्यटकांच्या गर्दीत कोसळला आणि चार जणांचा जीव गेला. आमच्याकडे गणपतीत चाकरमानी आले की साकवावरही फोटोसाठी घोळका जमतो. किती माणसं एका वेळी जाऊ शकतात ते अभियंत्याकडून लिहून घ्यावं, तशी पाटी लावावी आणि विसर्जनाला दोन्ही टोकांना माणूस उभा करावा. पाणी वरून जात असेल तर दोर बांधून सरळ रस्ता बंद करावा. एक दिवस शाळा बुडाली तर चालते.

श्रमदानानं गटार, चर, पायऱ्या होतात. पाया आणि गर्डर होत नाहीत. त्यासाठी ग्रामपंचायतीकडे अर्ज दसऱ्यानंतर लगेच द्यावा, पावसातले फोटो जोडून. उशीर केला की मंजुरी उन्हाळ्याच्या शेवटी येते आणि काम घाईत उरकलं जातं. ग्रामसभेत अंदाजपत्रक वाचून दाखवायला सांगा. त्यात पाया, धक्का आणि पाण्याचा निचरा नसेल, तर ठरावाला हात वर करू नका.