कृषिदूतांच्या कार्यक्रमाची पारख : अध्यापक व संशोधक यांचे संयुक्त कार्य

खरीप हंगाम सुरू झाला की कृषी महाविद्यालयाच्या शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी खेड्यात मुक्कामास येतात. मुलांना कृषिदूत व मुलींना कृषिकन्या ह्या नावाने गाव ओळखते. बीजप्रक्रिया, माती परीक्षणासाठी नमुना घेणे, निंबोळी अर्क तयार करणे, कामगंध सापळे लावणे इत्यादी प्रात्यक्षिके ते करून दाखवितात. मुक्काम संपताच अहवाल लिहिला जातो, छायाचित्रे जोडली जातात, गुण दिले जातात व विद्यार्थी परत जातात. परंतु त्यांच्यामागे गावात नेमके काय उरले, हा प्रश्न बहुधा तसाच राहतो. ह्या प्रश्नाचे उत्तर शोधणे म्हणजेच कार्यक्रमाचे मूल्यमापन होय. हे काम अध्यापक व संशोधक ह्या दोघांनी मिळून, गावाला सोबत घेऊन केले, तरच त्यावर विसंबता येते.

कार्यक्रमाची पार्श्वभूमी

कृषी पदवीच्या शिक्षणात ग्रामीण कार्यानुभवाचा समावेश व्हावा, अशी शिफारस रणधावा समितीने १९९२ मध्ये केली. पुढे २५ जुलै २०१५ रोजी ‘स्टुडंट रेडी’ ही योजना देशभर सुरू झाली व हा कार्यानुभव तिचा एक भाग बनला. त्यानंतरच्या पाचव्या अधिष्ठाता समितीच्या आराखड्यात गावातील वास्तव्यासाठी आठ आठवडे ठेवण्यात आले होते. विदर्भात हे शिक्षण अकोला येथे १९६९ मध्ये स्थापन झालेल्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या कक्षेत येते.

कार्यक्रमाचा हेतू दुहेरी आहे. विद्यार्थ्याला शेतकऱ्याचे जीवन कळावे आणि शेतकऱ्याला विद्यापीठाचे ज्ञान मिळावे. पहिल्या हेतूची परीक्षा महाविद्यालय घेते. दुसऱ्या हेतूची परीक्षा कोणी घ्यावयाची, हाच येथे विचारात घ्यावयाचा मुद्दा आहे.

हा प्रश्न जीवनमरणाचा का आहे

यवतमाळ जिल्ह्याला ह्या प्रश्नाचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. २०१७ च्या पावसाळ्यात जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्यू पावले आणि शेकडो लोकांना रुग्णालयात दाखल करावे लागले. माणसाच्या डोक्यापर्यंत वाढलेली कपाशी, दमट हवा, अनेक औषधांचे एकत्र मिश्रण आणि अंगावर संरक्षक साधनांचा अभाव ही कारणे त्या वेळी पुढे आली. वणी तालुक्यातील काळ्या जमिनीवर कपाशी हेच मोठे पीक आहे. त्यामुळे सुरक्षित फवारणीचे प्रात्यक्षिक हा येथे केवळ अहवालातील एक अनुक्रमांक नव्हे.

समजा, प्रात्यक्षिकास साठ लोक हजर होते, अशी नोंद अहवालात आहे. ती खरी असली तरी एवढ्यावरून ऑगस्ट महिन्यात पाठीवर पंप घेऊन कपाशीत शिरणाऱ्या मजुराने हातमोजे व मुखपट्टी वापरली की नाही, हे कळत नाही. हजेरी म्हणजे परिणाम नव्हे. हजेरी मोजणे सोपे असते म्हणून ती मोजली जाते, एवढेच.

एकट्याने पारख का होत नाही

अध्यापकाला विद्यार्थी ठाऊक असतात, कार्यक्रमाची उद्दिष्टे ठाऊक असतात, गावातील मंडळींशी त्याचा परिचय झालेला असतो. परंतु कार्यक्रम त्यानेच राबविलेला असतो. आपल्या हाताने पेरलेले शेत प्रत्येकालाच थोडे अधिक हिरवे दिसते. शिवाय तोच अध्यापक विद्यार्थ्यांना गुण देतो. अपयश लिहिले तर गुण कमी होतील, ह्या भीतीने विद्यार्थी यशाच्याच गोष्टी अहवालात लिहितात.

संशोधकाचे स्थान ह्याच्या उलट असते. कुटुंबे कशी निवडावीत, प्रश्न कसे विचारावेत, आकड्यांचा अर्थ कसा लावावा, हे त्याला चांगले अवगत असते व कार्यक्रमाच्या यशापयशाशी त्याचे हितसंबंध जोडलेले नसतात. मात्र गावात तो परका असतो. प्रात्यक्षिक सकाळी अकरा वाजता झाले व त्या वेळी सर्व मजूर शेतात निंदणीला गेलेले होते, ही साधी बाब त्याच्या तक्त्यात येणार नाही. ती विद्यार्थी, अध्यापक किंवा गावचा कार्यकर्ताच सांगू शकतो.

ह्या विचारास आपल्या देशात जुना आधार आहे. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास योजना सुरू झाली, त्याच महिन्यात नियोजन आयोगाच्या अखत्यारीत कार्यक्रम मूल्यमापन संघटना स्थापन करण्यात आली. योजना राबविणारे खाते व तिची पारख करणारी संघटना ही वेगळी ठेवण्यात आली. त्या संघटनेच्या आरंभीच्या काळात अर्थशास्त्राचे अध्यापक प्रा. द. गो. कर्वे हे तिचे संचालक होते. अध्यापन व संशोधन ह्यांचा मेळ घालण्याची वाट महाराष्ट्रातील विद्वानाला परकी नव्हती, हे ह्यावरून दिसून येते.

संयुक्त मूल्यमापनाची कृती

१. उद्दिष्टे आधी ठरवावीत. विद्यार्थी गावात येण्यापूर्वीच अध्यापक व संशोधकांनी एकत्र बसावे. ‘जागृती करणे’ असे मोघम उद्दिष्ट मोजता येत नाही. ‘फवारणी करणाऱ्याने हातमोजे, मुखपट्टी व पूर्ण बाह्यांचा सदरा वापरणे’, ‘पेरणीपूर्वी सोयाबीनची उगवणशक्ती घरी तपासणे’, ‘गुलाबी बोंडअळीसाठी हेक्टरी पाच कामगंध सापळे लावून पतंगांची नोंद ठेवणे’ अशी उद्दिष्टे डोळ्यांनी पाहता येतात.

२. आधीची स्थिती नोंदवावी. पेरणीपूर्वी ठरावीक कुटुंबांची पाहणी करावी. निवड चिठ्ठ्या टाकून करावी. ओळखीची व रस्त्याकाठची घरे घेऊ नयेत. जमीनमालकांबरोबर मजुरांचीही कुटुंबे त्यात असावीत, कारण पंप पुष्कळदा मजुराच्याच पाठीवर असतो.

३. तुलनेचे गाव घ्यावे. तशीच जमीन, तशीच पिके व तसाच पाऊस असलेले, परंतु जेथे विद्यार्थी गेले नाहीत, असे गाव निवडून तेथेही तीच पाहणी करावी.

४. विचारण्यापेक्षा पाहण्यावर भर द्यावा. ‘हातमोजे वापरता का?’ ह्या प्रश्नाला सौजन्यापोटी ‘होय’ असे उत्तर मिळते. म्हणून फवारणीच्या दिवशी शेतात जाऊन पाहावे. ही पाहणी गुण देणाऱ्या अध्यापकाने करू नये. संशोधकाने किंवा दुसऱ्या गटाच्या विद्यार्थ्यांनी करावी.

५. विद्यार्थ्याचे गुण व कार्यक्रमाची पारख ह्या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. प्रात्यक्षिक फसले व का फसले, हे प्रामाणिकपणे लिहिणाऱ्या विद्यार्थ्याचे नुकसान होता कामा नये.

६. पुढील हंगामात पुन्हा यावे. विद्यार्थी गावात असताना सापळे लागतातच. ते गेल्यानंतरच्या वर्षी शेतकऱ्याने स्वतःहून किती लावले, ही खरी कसोटी होय.

आकड्यांचा अर्थ

एका काल्पनिक उदाहरणाने ही गोष्ट स्पष्ट होईल. समजा, विद्यार्थ्यांच्या गावात निवडलेल्या २० कुटुंबांपैकी ४ कुटुंबे आधी संरक्षक साधने वापरीत होती व नंतर ११ वापरू लागली. वाढ ७ कुटुंबांची झाली. परंतु तुलनेच्या गावात हाच आकडा ५ वरून ९ वर गेला, म्हणजे तेथेही ४ कुटुंबांची वाढ झाली. ही वाढ आकाशवाणी, कृषी विभाग, दुकानदार अथवा शेजाऱ्याला झालेली विषबाधा ह्यांमुळे झाली असू शकेल. तेव्हा कार्यक्रमाच्या पदरात फार तर ३ कुटुंबांची वाढ टाकता येते. वीस कुटुंबांत तीनचा फरक योगायोगानेही पडू शकतो. म्हणून अनेक गावांतील आकडे एकत्र केल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. ही सावधगिरी संशोधक शिकवितो.

आता जी ९ कुटुंबे बदलली नाहीत, ती का बदलली नाहीत, हे शोधण्याची पाळी अध्यापकाची येते. उकाड्यात मुखपट्टी सहन होत नाही, साधने मालकाने द्यावयाची की मजुराने आणावयाची हे ठरलेले नाही, किंवा मजुरांना प्रात्यक्षिकाची वर्दीच मिळाली नाही, अशी कारणे बोलण्यातून बाहेर येतात. ह्यांपैकी शेवटचे कारण आढळले तर उपाय सोपा आहे : पुढील वर्षी प्रात्यक्षिक सायंकाळी, मजुरांच्या वस्तीत ठेवावे. पहिले कारण आढळले तर फवारणी सकाळच्या थंड वेळी, वाऱ्याची दिशा पाहून करण्यावर भर द्यावा व तिचे प्रात्यक्षिक शेतातच दाखवावे. अशा रीतीने आकडा दोष कोठे आहे ते दाखवितो आणि संवाद तो का आहे ते सांगतो.

गावातील कार्यकर्ते व शेतकरी यांचा वाटा

विद्यार्थी व अध्यापक पाहुणे असतात. गावपातळीवरील कार्यकर्ता मात्र वर्षभर तेथेच असतो. पाहणीसाठी कुटुंबांची पूर्ण यादी देणे, तुलनेचे गाव सुचविणे, फवारणीचा दिवस कळविणे व विद्यार्थी परतल्यावर नोंदी चालू ठेवणे ही कामे त्याच्यावाचून होणार नाहीत. शेतकऱ्यांनीही खरे तेच सांगावे. पाहुण्यांचे मन राखण्यासाठी दिलेले ‘होय’ हे उत्तर पुढील वर्षी त्याच निरुपयोगी प्रात्यक्षिकाला गावात परत आणते. ‘तुमचा निंबोळी अर्क गाळताना पंपाचे तोंड तुंबले, म्हणून आम्ही तो सोडून दिला’ असे स्पष्ट सांगणारा शेतकरी विद्यापीठाला मोलाची मदत करतो; पुढच्या खेपेस विद्यार्थी दुहेरी फडक्यातून अर्क गाळण्याचे दाखवतील.

मूल्यमापनाचा निष्कर्ष महाविद्यालयाच्या कपाटात राहू नये. तो ग्रामसभेत सोप्या मराठीत वाचून दाखवावा. काय साधले, काय साधले नाही व पुढील हंगामात काय बदलणार, हे गावाला कळू द्यावे. ज्या गावाने आपली शेते व आपला वेळ विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी दिला, त्या गावाचा तो हक्क आहे.

पीक कसे आले, हे शेतकरी पेरणीच्या दिवशी ठरवीत नाही. खळ्यावर माप झाल्यावर ठरवितो. कृषिदूतांच्या कार्यक्रमालाही हाच न्याय लावावा. अध्यापकाने पेरणीची हकीकत सांगावी, संशोधकाने माप हाती धरावे आणि ते माप गावासमोर व्हावे. असे झाल्यास पुढील पावसाळ्यात पंप पाठीवर घेणारा मजूर सायंकाळी सुखरूप घरी परतण्याची शक्यता वाढेल, आणि कार्यक्रमाचे खरे गुण त्यातच आहेत.