रोजावर, अंगावर आणि परदेशात

सोलापूर जिल्ह्यातल्या मोडनिंबमधल्या मिस्त्रीला "रोजावर येता की अंगावर घेता?" असं विचारलं, तर उत्तर द्यायच्या आधी तो मनात हिशेब करतो. रोजावर गेलं तर संध्याकाळची मजुरी पक्की. अंगावर घेतलं तर फायदा आपला आणि तोटाही आपलाच. गिलावा, फरशी, सेंट्रिंग, नळजोडणी अशी कामं अंगावर घेतच आपल्याकडच्या गवंड्यांनी स्वतःच्या टोळ्या उभ्या केल्या. त्यासाठी त्यांना सहसा कुणी परवाना विचारला नाही. ओळख आणि हाताची सफाई एवढ्यावर काम मिळत गेलं.

म्हणून मुलगा "परदेशात जाऊन स्वतःची कामं घेतो" म्हणाला, की आईवडिलांच्या डोळ्यांसमोर हेच चित्र येतं, फक्त पैसे जास्त. गफलत होते ती इथेच. तिकडे राहण्याची परवानगी वेगळी, कुणाकडे तरी नोकरी करण्याची वेगळी आणि स्वतःच्या नावावर काम घेण्याची त्याहून वेगळी. वीज आणि गॅसच्या कामाला तर हुन्नराचं लायसन्सही लागतं. पासपोर्टवर व्हिसाचा शिक्का बसला म्हणजे हे सगळं मिळालं, असं नसतं.

आखाताचंच घ्या, कारण सोलापूर जिल्ह्यातल्या घरांत पहिलं नाव दुबईचं किंवा सौदीचं निघतं. तिथला कामगार व्हिसा ज्या मालकाच्या नावावर निघतो, काम त्याच्याकडेच करायचं असतं. एजंट मात्र 'आझाद व्हिसा' नावाची गोष्ट विकतात: मालक नावापुरता, तुम्ही बाहेर कुठेही कामं घ्या. कायद्यात असा व्हिसाच नाही. त्यावर गेलेला माणूस पकडला गेला तर दंड, कोठडी आणि परत पाठवणी. पकडला गेला नाही तरी मजुरी बुडाल्यावर तक्रार कुठे करणार? नावापुरत्या मालकाने पगार दिला नाही, असं तो कुठल्या तोंडाने सांगणार? व्हिजिट व्हिसावर काम करणाऱ्याची अवस्था तर याहून वाईट. घरच्यांनी जमीन गहाण टाकून पैसे उभे केले असतील, तर मुलगा परत यायलाही धजावत नाही. पालकांनी सर्वात जास्त भ्यायला हवं ते या सापळ्याला.

आपल्या बाजूने पाहायच्या गोष्टी फार अवघड नाहीत. दहावी न झालेल्याच्या पासपोर्टवर ईसीआर असा शेरा असतो. त्याला सौदी, अमिराती, कतार, कुवेत, ओमान यांच्यासह 18 देशांत नोकरीला जाताना परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट व्यवस्थेतून मंजुरी घ्यावी लागते. भरती करणारा एजंट 1983च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदलेला असला पाहिजे आणि त्याने घ्यायचं शुल्क जास्तीत जास्त 30,000 रुपये व त्यावरचा जीएसटी एवढंच. दीड-दोन लाख मागणारा माणूस पहिल्या वाक्यातच कायद्याबाहेर गेलेला असतो. मंजुरीसोबत प्रवासी भारतीय बीमा योजनेचा 10 लाखांचा अपघात विमाही उतरवला जातो. म्हणून ही मंजुरी चुकवायची कटकट समजू नका, तिच्यामुळे तुमचा मुलगा सरकारी नोंदीत राहतो.

आता जर्मनी. फेब्रुवारी 2024मध्ये महाराष्ट्र सरकार आणि बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्य यांच्यात कुशल मनुष्यबळाचा करार झाला, तेव्हापासून इलेक्ट्रिशियन, प्लंबर, रंगारी अशा हुन्नरांची मुलं जर्मन शिकण्याबद्दल विचारू लागली आहेत. विचारावंच. पण तिथे हुन्नराला शेकडो वर्षांची शिस्त आहे, हे आधी समजून घ्या. गवंडी, सुतार, छप्पर घालणारा, इलेक्ट्रिशियन, नळ-हीटिंगवाला, रंगारी यांना स्वतःचा धंदा उघडायचा तर साधारणपणे 'माइस्टर' ही वरची परीक्षा द्यावी लागते आणि हुन्नर मंडळाच्या नोंदवहीत नाव लागावं लागतं. फरशी बसवण्याचं काम 2004मध्ये या अटीतून मोकळं केलं होतं. 2020मध्ये ते पुन्हा अटीत आणलं, त्याच्यासोबत आणखी 11 हुन्नरही. म्हणजे आपल्याकडे वीस वर्षं फरशी घातलेला कसबी माणूसही तिथे सुरुवात नोकरीनेच करणार. त्यात कमीपणा नाही. माइस्टरची वाट त्या नोकरीतूनच जाते.

दहावीनंतर आयटीआयचा फॉर्म भरणाऱ्यांनी इथे थांबून विचार करावा. मार्च 2024पासून जर्मनीत एक सोय सुरू झाली आहे: आधी नोकरीवर जायचं आणि प्रमाणपत्राची मान्यता तिथे काम करता करता मिळवायची. त्यासाठी नोकरीचा करार, ए2 पातळीची जर्मन आणि आपल्या देशात मान्य असलेलं किमान दोन वर्षांचं प्रशिक्षण लागतं. आयटीआयचे इलेक्ट्रिशियन आणि वायरमन हे ट्रेड दोन वर्षांचे आहेत, प्लंबर एकाच वर्षाचा. फॉर्म भरताना हा फरक बहुतेक घरांत कुणाच्या लक्षात येत नाही; उलट "लवकर संपतो" म्हणून एक वर्षाचा ट्रेड निवडला जातो. बारावी झालेल्या मुलाला तिथलंच कामासोबतचं शिक्षण घेण्याचा मार्गही खुला आहे. त्याला सहसा बी1 जर्मन लागते, शिकतानाच विद्यावेतन मिळतं आणि शेवटी हातात येतं ते जर्मन प्रमाणपत्र. वय लहान असेल तर मी हाच मार्ग सुचवेन.

इतर देशांतही रीत थोडीफार अशीच. ब्रिटनमध्ये ज्याला स्वतंत्र धंद्याची मुभा आहे, त्याने बांधकाम कर योजनेत नाव नोंदवलं तर मजुरीच्या बिलातून 20 टक्के कापले जातात, नाही नोंदवलं तर 30. पण नोकरीच्या व्हिसावर गेलेल्याला तिथे नोकरी सोडून स्वतःची कामं घेत बसता येत नाही. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्समध्ये साहित्य-मजुरी धरून 5,000 डॉलरच्या वरचं घरबांधणीचं काम लायसन्सशिवाय घेता येत नाही आणि विजेच्या कामाला तर रक्कम कितीही असो, लायसन्स लागतंच.

सप्टेंबर 2024मध्ये पुण्यात औंधच्या आयटीआयमध्ये इस्रायलसाठी सेंट्रिंग, सळईकाम, गिलावा आणि फरशी यांच्या कारागिरांची भरती झाली. दोन सरकारांमधला व्यवहार म्हणून तो कायदेशीर होता, पण तोही पगाराचाच, अंगावरचा नव्हे. शिवाय तो देश युद्धात होता. अशा ठिकाणी जायचं की नाही, हे सगळ्या घराने एकत्र बसून ठरवायला हवं.

जायला दोन वर्षं असोत की पाच, तयारी मोडनिंबमध्येच सुरू होते. दहावी राहिली असेल तर मुक्त विद्यालयातून करा. आयटीआयनंतर अप्रेंटिसशिप पूर्ण करून तिचं राष्ट्रीय प्रमाणपत्र घ्या. ज्याच्याकडे काम केलं त्या ठेकेदाराकडून तारखांसह अनुभवाचं पत्र त्याच वेळी लिहून घ्या, कारण पाच वर्षांनी तो सापडत नाही. मजुरी बँकेत जमा होऊ द्या. नाव आणि जन्मतारीख सगळ्या कागदांवर एकसारखी करून घ्या. 'मिस्त्री' म्हणून गावभर ओळखला जाणारा माणूस कागदावर तीन वेगळ्या नावांनी असतो आणि तिथेच अर्ज अडतो.

आणि एजंटकडे पैसे भरायला निघाला असाल, तर आधी ई-मायग्रेटवर त्याची नोंदणी तपासा, नोकरीचा करार मुलाला समजेल अशा भाषेत वाचून घ्या आणि व्हिसावर नोकरी असं लिहिलंय की भेट, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. शंका आली तर प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा 1800-11-3090 हा नंबर विनाशुल्क आहे. पैसे भरायच्या आधी तो लावा.