गल्ल्यावरचे बुजुर्ग आणि मोबाइलचे ठग

आपल्या कपडा बाजारात दुपारच्या वेळी गल्ल्यावर बहुधा अब्बा किंवा चाचाच बसलेले असतात. खोटी नोट ते नुसत्या बोटांनी ओळखतील. परंतु आता रक्कम मोबाइलवरून येते, तिला हात लावता येत नाही. ठगांनी नेमके हेच हेरले आहे.

गिऱ्हाईक चार सूटपीस बांधून घेतो, आपल्या मोबाइलवर 'पैसे गेले' असे दाखवतो आणि चालता होतो. अशी खूण बनावट ॲपवरही उमटते. म्हणून आम्ही बुजुर्गांना सांगतो की गिऱ्हाइकाचा मोबाइल पाहूच नका. आपल्या खात्यात जमा दिसली किंवा आपल्या साउंडबॉक्सने रक्कम पुकारली, तरच माल सोडा. आपल्या क्यूआरवर कोणी दुसरा चिकटवला नाही ना, हेही सकाळी पाहावे.

दुसरा डाव घाऊक मालाचा. फोनवरचा माणूस स्वतःला फौजी अधिकारी म्हणवतो, भाव न करता मोठी ऑर्डर देतो (भाव न करणारे गिऱ्हाईक आले की खरे तर तिथेच कान टवकारावेत!) आणि 'आगाऊ रक्कम घेण्यासाठी हा कोड स्कॅन करून पिन टाका' म्हणतो. यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीही लागत नाही.

सर्वांत घातक म्हणजे 'डिजिटल अरेस्ट'. व्हिडिओ कॉलवर वर्दीतला माणूस म्हणतो, तुमच्या आधारवर गुन्हा दाखल आहे, कोणाला सांगू नका, रक्कम तपासणीसाठी पाठवा. असली अटक कायद्यात नाही; २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनीही हेच सांगितले. परंतु इज्जतीच्या धाकाने बुजुर्ग घरातही बोलत नाहीत आणि आयुष्याची पुंजी आरटीजीएसने निघून जाते. मोठी रक्कम मुलाला किंवा भागीदाराला विचारल्याशिवाय पाठवायची नाही, हा दस्तूर मुलांनी स्वतःलाही लावून घ्यावा, म्हणजे वडिलांना कमीपणा वाटणार नाही.

फसगत झालीच तर रागावण्यात वेळ घालवू नये. ताबडतोब १९३० वर फोन करावा आणि बँकेलाही कळवावे. रक्कम पुढच्या खात्यातून काढली जाण्यापूर्वी तक्रार पोहोचली, तर ती तिथेच अडवता येते. आमच्या गल्ल्याच्या झाकणाला आतून हा नंबर मोठ्या आकड्यांत चिकटवलेला आहे, शेजारी उर्दूतही लिहिला आहे.