मारुतीची शेपटी : शिवणकामाचा एक पाठ

(इयत्ता चौथी व पाचवी. तासिका चार.)

प्रास्ताविक

जळगावात श्रीरामाचा रथोत्सव 1872 पासून कार्तिकी एकादशीस साजरा होत आला आहे. त्यापूर्वीच्या दिवसांत निघणाऱ्या वहनांमध्ये मारुतीचेही वहन असते. साहजिकच खानदेशातील मुलांस मारुतीचे रूप परिचयाचे असते, व शाळेच्या संमेलनात ती भूमिका आपणांस मिळावी असे पुष्कळांस वाटते. परंतु अनेक ठिकाणी पोशाख भाड्याने आणावा लागतो. मग ज्याचे पालक भाडे देऊ शकतात तो मारुती होतो, आणि ज्यास उडी मारता येते, ज्याचा आवाज खणखणीत आहे, तो मागे वानरसेनेत उभा राहतो. ही गोष्ट शिक्षकास शोभणारी नाही. शेपटी शाळेतच शिवली, तर हा प्रश्न बराचसा सुटतो.

वर्धा येथे 1937 साली भरलेल्या शिक्षण परिषदेने हस्तव्यवसायातून शिक्षण द्यावे, हा विचार मांडला. प्रस्तुत पाठात शिवण, गणित व विज्ञान ही तिन्ही आपोआप एकत्र येतात. मुलगे व मुली या दोघांनीही सुई हाती धरावी.

साहित्य

जुने धुतलेले धोतर किंवा चादर, सुईदोरा, कात्री, मीटरपट्टी, खडू, जुन्या गादीतील उन्हात वाळवून पिंजलेला कापूस, जाड कापडाची पट्टी, नाडी व थोडी सुतळी.

कृती

(1) आखणी. 36 सें.मी. रुंद व 124 सें.मी. लांब असा कापडाचा तुकडा घ्यावा. वरच्या कडेवर डावीकडून 22 सें.मी. व खालच्या कडेवर डावीकडून 14 सें.मी. अंतरावर खुणा करून त्या तिरक्या रेघेने जोडाव्यात. या रेघेवर कापले असता दोन सारख्या शेपट्या निघतात. येथे मुलांस प्रश्न विचारावा : "108 सें.मी. रुंदीच्या कापडातून किती शेपट्या निघतील?" प्रत्येकीस स्वतंत्र 22 सें.मी. रुंदी दिली, तर चारच निघतात. वरील रीतीने सहा निघतात. उत्तर सांगू नये; मुलांस कागद कापून ते शोधू द्यावे.

(2) शिलाई. कापडाची सुलट बाजू आत ठेवून ते लांबीत दुमडावे. कडेपासून 1 सें.मी. आत प्रथम धावदोरा व त्यावर घट्ट टीप घालावी. टोक शिवून बंद करावे. त्या टोकास आतून दोरी बांधून ती ओढली, म्हणजे पिशवी सुलट होते.

(3) भरण. कापूस लहान लहान गोळ्यांनी काठीने सारावा. बुडाशी घट्ट व टोकाकडे सैल भरावा. एका शेपटीस साधारणपणे पाव किलो कापूस पुरतो. मुलांकडून तो तोलून घ्यावा. टोकास सुतळी उकलून केलेला गोंडा शिवावा.

(4) जोडणी. हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. एका संमेलनात मी शेपटी चड्डीस टाचणीने टोचून दिली होती. समुद्रोल्लंघनाच्या उडीसरशी ती गळून पडली व मंडप हसू लागला. त्या मुलाने पुढील वर्षी रंगमंचावर पाऊल ठेवण्यास नकार दिला. चूक त्याची नव्हती, माझी होती. म्हणून शेपटी पोशाखास न जोडता 8 सें.मी. रुंदीच्या दुहेरी कमरपट्ट्यास शिवावी. बुडाशी 3 सें.मी. कापड मोकळे ठेवून त्यास चार काप द्यावेत व ते चार बाजूंस पसरून पट्ट्यावर पक्के करावेत. पट्टा पुढे नाडीने बांधावा. शेपटीच्या मध्यापासून खांद्यावरील पट्टीपर्यंत त्याच रंगाची बारीक दोरी न्यावी. त्यामुळे शेपटी वर उचललेली राहते.

विज्ञानाशी संबंध

भरलेली बादली हात लांब करून धरली असता अधिक जड वाटते. त्याचप्रमाणे कमरेपासून दूर असलेला भार पट्ट्यास खाली ओढतो. टोक हलके का भरले, याचे कारण मुलांनी या अनुभवावरून सांगावे.

दक्षता

शेपटीत तार घालू नये. बसताना ती टोचते. लंकादहनाच्या प्रसंगी शेपटीस खरा जाळ कदापि लावू नये, कारण कापूस क्षणात पेट घेतो. त्याऐवजी तांबड्या व पिवळ्या चिंध्यांचा झुबका गोंड्याखालील लहान खिशात दडवावा व योग्य वेळी मुलाने तो बाहेर ओढावा. दिव्याच्या उजेडात तो ज्वाळेसारखा भासतो.

समारोप

संमेलनापूर्वी पोशाखासह किमान तीन वेळा उड्यांची तालीम घ्यावी. नंतर शेपट्या उन्ह देऊन पेटीत ठेवाव्यात. पुढील वर्षी त्याच वाघाच्या किंवा कोल्ह्याच्या गोष्टीसही उपयोगी पडतील. आपण शिवलेली शेपटी बांधून मूल निर्धास्तपणे उडी घेते, तेव्हा पाठाचा हेतू सफल झाला असे समजावे.